हाताची सूज मोजणारं मशीन, टेप आणि आमचं लिम्फिडीमा क्लिनिक : सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमधे काखेतल्या गाठी काढल्यात किंवा काढणार आहेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण. मी सिडनीच्या पश्चिम भागात राहते, इथल्या एका लिम्फिडीमा (म्हणजे अशा ऑपरेशननंतर येणारी सूज) क्लिनिकमधे माझा उजवा हात ठरावीक काळाने मोजतात. माझी मोठी बहीण, अक्का, मिरजेला असते, तिचं ऑपरेशन माझ्या आधी झालंय आणि ती तिथल्या एका फिजिओकडे टेपने हात मोजून घेते. म्हणजे मशीन आणि टेप दोन्ही आमच्या घरातच आहेत म्हणा ना. क्लिनिकचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तुम्ही कुठल्याही गावात असलात तरी काय मागायचं आणि काय विचारायचं हे कळावं एवढ्यासाठीच हे लिहितेय.

आधी थोडं बॅकग्राउंड. काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड्स काढले की हातातलं पाणी परत वर नेणारी वाट अर्धवट बंद होते, रेडिएशनने अजून बंद होते, आणि मग कधी सहा महिन्यांनी कधी दोन वर्षांनी हात जड वाटायला लागतो, ब्लाउजची बाही रुतते, अंगठी निघत नाही. २०१३ मधे लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या डॉक्टरी मासिकामधे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून छापले होते, त्यात ब्रेस्ट कॅन्सरनंतर साधारण पाचातल्या एका बाईला हाताची सूज येते असं निघालं. काखेतल्या गाठी साफ काढल्या असतील तर जवळपास २० टक्के आणि नुसता सेंटिनल नोड (म्हणजे कॅन्सर पसरलाच तर आधी जिथे पोचेल ती पहिली गाठ) काढला असेल तर ६ टक्क्यांच्या आत. हा फरक लक्षात ठेवा, तुमचं नेमकं कुठलं झालंय ते डिस्चार्ज पेपरवर लिहिलेलं असतं, नसेल कळत तर सर्जनला विचारा.

आणि त्रासाची गोष्ट अशी की सूज डोळ्याला दिसते तोवर उशीर झालेला असू शकतो. डॉक्टर लोक याच्या स्टेज शून्य ते तीन अशा मोजतात, शून्य म्हणजे आतमधे पाणी वाहून न्यायला अडचण सुरू झालीय पण बाहेरून काहीच दिसत नाही. एक मधे सूज येते आणि हात वर ठेवला की उतरते. दोनपासून नुसता हात वर ठेवून उतरत नाही, मग हळूहळू आत चरबी आणि घट्ट तंतू तयार व्हायला लागतात, बोटाने दाबलं तर आधी खड्डा पडायचा तो पण पुढे पुढे पडेनासा होतो. म्हणून सगळी धडपड शून्यातच पकडण्याची, आणि शून्य पकडायला डोळा पुरत नाही, काहीतरी मोजावंच लागतं.

आता मशीनबद्दल. इथे जे वापरतात त्याचं नाव सोझो, इम्पेडिमेड नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीचं आहे, आणि या पद्धतीला बायोइम्पिडन्स स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. दिसायला जिममधल्या मोठ्या वजनकाट्यासारखं, खाली पाय ठेवायची स्टीलची प्लेट, समोर तळहात ठेवायची. अनवाणी उभं राहायचं, हात टेकवायचे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास हलायचं नाही आणि झालं. काहीही जाणवत नाही, मुंगी पण चावल्यासारखं होत नाही. शरीरातून अगदी बारीक करंट जातो, ३ किलोहर्ट्झपासून १००० किलोहर्ट्झपर्यंत, अडीचशेच्या वर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. यातली गंमत मला आमच्या फिजिओने समजावली आणि ती मला फार आवडली म्हणून सांगते. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट पेशींच्या आत शिरू शकत नाही, पेशीचं आवरण त्याला अडवतं, त्यामुळे तो पेशींच्या मधल्या पाण्यातूनच जातो, जसं जत्रेत माणसांमधून वाट काढत जावं तसं. जास्त फ्रिक्वेन्सीचा मात्र पेशींच्या आरपार जातो. सूज म्हणजे नेमकं ते पेशींच्या मधलं पाणी वाढणं, आणि पाणी वाढलं की करंटला होणारा विरोध कमी होतो. मशीन दोन्ही हातांचा विरोध मोजून त्यांचं गुणोत्तर काढतं, तुम्ही उजव्या हाताने काम करता की डावखुरे आहात ते पण धरतं, आणि त्यातून एक आकडा देतं, त्याला एल-डेक्स म्हणतात. दोन हातांचीच तुलना असल्यामुळे केमोने सगळं अंगच थोडं फुगलं असेल तर दोन्हीकडे सारखंच वाढतं आणि आकडा फारसा हलत नाही. एका हाताला काही झालं तरच हलतो. वजनकाटा हे सांगू शकत नाही.

तसं हे काही कालपरवाचं नाही. क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीतले ली वॉर्ड आणि त्यांचे सहकारी १९९२ पासून लिम्फिडीमासाठी हे तंत्र छापत आलेत, तेव्हा चिकटवायचे इलेक्ट्रोड लावून आडवं झोपवून मोजायचे.

एल-डेक्सची नॉर्मल रेंज उणे १० ते अधिक १० आहे. इथेच लोक फसतात म्हणून नीट वाचा. ऑपरेशनच्या आधी माझा बेसलाइन म्हणजे सुरुवातीचा आकडा १.८ होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तीन-साडेतीनच्या आसपास फिरत राहिला, आणि मग एकदा ९.४ आला. रेंजमधे बघितलं तर नॉर्मलच की! हात पण नॉर्मल दिसत होता, बांगड्या नेहमीसारख्या चढत होत्या, मला स्वतःला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. पण माझ्याच बेसलाइनपासून वाढ ७.६ झाली होती, आणि वाढ ६.५ च्या पुढे गेली की ती खूण समजायची असा नियम आहे. आमच्या फिजिओने परत उभं करून दुसऱ्यांदा मोजलं, तेवढाच आला, हाताने चाचपून बघितलं, इन्फेक्शन वगैरे नाही ना याची खात्री केली, आणि त्याच दिवशी स्लीव्ह (हात दाबून धरणारी घट्ट इलॅस्टिकची बाही) आणि हातमोज्यासारखा गॉन्टलेट याचं माप घेतलं. चार आठवडे, दिवसाचे बारा तास घालायची. पुढच्या मापाला आकडा परत साडेतीनच्या आत. जर माझा बेसलाइनच घेतलेला नसता तर ९.४ बघून कुणीही मला नॉर्मल म्हणून घरी पाठवलं असतं, आणि त्यात त्या माणसाची चूक पण म्हणता आली नसती.

म्हणून परत परत सांगते, ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याआधी दोन्ही हात मोजून घ्या. तेव्हा डोक्यात हजार गोष्टी असतात, कॅन्सर हा शब्द ऐकून घरातलं कुणी जेवत पण नसतं, हाताच्या सुजेचा विचार कोण करणार, हे मला माहितीये. घरातल्या एका माणसाने तेवढं एक काम अंगावर घ्यावं, मुलाने, सुनेने, नवऱ्याने, कुणीही.

हे चार आठवडे बारा तासवालं काही क्लिनिकने मनाने ठरवलेलं नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटलांमधे मिळून प्रिव्हेंट नावाची एक मोठी ट्रायल झाली, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या शीला रिडनर यांच्या नेतृत्वाखाली. अर्ध्या बायकांना मशीनने मोजायचं, अर्ध्यांना टेपने, ज्यांचं माप वाढेल त्यांना लगेच स्लीव्ह द्यायची आणि पुढे कायमची सूज किती जणींना राहते ते बघायचं. २०२२ मधे निकाल छापून आला. स्लीव्ह दिलेल्यांपैकी मशीनच्या गटात ७.९ टक्के बायकांची सूज पुढे कायमची झाली, टेपच्या गटात १९.२ टक्के. फरक मोठा आहे, नाकारून चालणार नाही.

पण म्हणून टेप टाकून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही. अक्काचा हात आज ठणठणीत आहे तो टेपमुळे, आणि मिरज-सांगलीच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक गावात हातात येईल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे टेप. अडचण टेपची नसतेच, धरणाऱ्या हाताची असते. हिशोब करून दाखवते. हात मनगटापासून दर ४ सेंटिमीटरवर मोजतात आणि मधला प्रत्येक तुकडा म्हणजे वरचं टोक कापलेला शंकू असं धरून त्याचं घनफळ काढतात. समजा एका तुकड्याचा खालचा घेर २४ आणि वरचा २५ सेंटिमीटर, तर घनफळ येतं साधारण १९१ मिलिलिटर. दोन्ही घेर अर्धा सेंटिमीटरने वाढवा, झालं १९९. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरला ४ टक्के! आणि एक पूर्ण सेंटिमीटर वाढला तर २०७, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर. आता बघा, त्याच प्रिव्हेंट ट्रायलमधे टेपसाठी धोक्याची खूण ५ टक्क्यांपासून होती. मोजणाऱ्याने आज टेप जरा सैल धरली आणि पुढच्या वेळी जरा आवळली तर तेवढ्यानेच सूज आली किंवा गेली असं दिसू शकतं.

अक्काच्या फिजिओबाई या बाबतीत फार काटेकोर आहेत, त्यांच्याबद्दल इथे मनापासून चांगलं लिहायचंय. दर वेळी स्वतःच मोजतात, असिस्टंटकडे देत नाहीत. कापडी शिंप्याची टेप वापरत नाहीत कारण ती ताणली जाते. अक्काला टेबलावर हात एकाच उंचीवर ठेवायला लावतात, मनगटाच्या हाडापासून पेनने खुणा करतात आणि दोन्ही हात मोजतात, नुसता ऑपरेशनच्या बाजूचा नाही. एका वहीत तारीख टाकून सगळे आकडे लिहितात आणि ती वही अक्काकडे असते, क्लिनिकच्या कपाटात नाही. वजन पण लिहितात, कारण वजन वाढलं तर दोन्ही हात वाढतात आणि मग त्याला सूज म्हणायचं नाही. एवढं सगळं पाळलं तर टेप खूप काही सांगते. माझ्या मते चांगल्या हातातली टेप ही बेसलाइन नसलेल्या महागड्या मशीनपेक्षा कितीतरी बरी.

आमच्या इथे तिसरी एक वस्तू आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. मॉइश्चरमीटरडी, फिनलंडच्या डेल्फिन कंपनीचं, पेनासारखं जाडसर प्रोब कातडीवर काही सेकंद टेकवायचं. ते ३०० मेगाहर्ट्झची लहर कातडीत पाठवतं आणि परत काय येतं त्यावरून त्या ठिकाणी पाणी किती ते सांगतं. आकडा जितका मोठा तितकं पाणी जास्त, नुसतं शुद्ध पाणी मोजलं तर ७८ च्या आसपास येईल. किती खोल मोजायचं त्याप्रमाणे प्रोब वेगवेगळे, अर्ध्या मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत. हे मला सगळ्यात उपयोगी कुठे वाटलं सांगू, छातीच्या आणि काखेमागच्या सुजेला. सगळ्याच बायकांची सूज हातातच येते असं नाही, ज्यांचं ब्रेस्ट ठेवून ऑपरेशन होतं आणि वर रेडिएशन होतं त्यांच्या ब्रेस्टलाच सूज येऊ शकते, पाठीला ब्राच्या पट्ट्याखाली येऊ शकते, आणि तिथे टेप कशी लावणार? एल-डेक्स पण हातापायाचंच सांगतं. मला पाठीच्या बाजूला ओढल्यासारखं व्हायचं, घरच्यांना वाटायचं व्रणाचं दुखणं असेल, या प्रोबने दोन्ही बाजूंना मोजल्यावर फरक स्पष्ट दिसला आणि मग हाताने करायचं लिम्फ ड्रेनेज (साचलेलं पाणी सरकवणारा हलका मसाज) नेमकं त्या भागात सुरू झालं. ज्या क्लिनिकमधे हे प्रोब आहे तिथे आवर्जून विचारा, आपणहून काढतीलच असं नाही.

आता सर्व्हिस. तीन चतुर्थांश खूप चांगली, एक चतुर्थांश सुधारायला हवी.

चांगलं आधी. आमच्या मुख्य फिजिओ नुसत्या मशीनवर विसंबत नाहीत. दर वेळी अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का बघतात, बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येते का बघतात, खांदा किती वर जातो, हात जड वाटतो का, झोपताना काय होतं, सगळं विचारतात. मोजायच्या आधी काय करायचं ते मेसेजमधे पाठवतात, आधी जिमला जाऊ नका, बाथरूमला जाऊन या, बांगड्या, पैंजण, जोडवी काढून ठेवायची तयारी ठेवा. मंगळसूत्र काढायला सांगताना आणि कपडे बदलताना पडदा, दार सगळं नीट, घाई नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी पेसमेकर आहे का, प्रेग्नन्सी आहे का हे विचारलं, कारण दोन्हीत हे मशीन वापरत नाहीत. तुम्हाला कुणी हे न विचारताच मशीनवर उभं केलं तर तुम्हीच सांगा.

खटकलं ते असं. एकदा मुख्य फिजिओ रजेवर होत्या, त्यांच्या जागी एक नवीन मुलगी होती, तिने मापं घेतली आणि स्क्रीनवर हिरवं दिसतंय म्हणून ऑल गुड म्हणाली. किती आलं विचारलं तर नॉर्मल रेंजमधे आहे एवढंच. मला आकडा हवा होता, मागच्या आकड्यापासूनचा फरक हवा होता, आणि तो मागून घ्यावा लागला. ज्या बाईला इंग्रजीत प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आपल्याकडच्या कितीतरी सासवा आणि आया इथे मुलांकडे आलेल्या असतात, ती काय करणार? मी क्लिनिकला लेखी कळवलं, दर वेळी पेशंटला कागदावर आकडा, बेसलाइन आणि फरक द्या, आणि आता ते देतात. दुसरं म्हणजे अपॉइंटमेंट लांबच्या मिळतात. पहिली काही वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी मोजायचं असतं तर मधल्या काळात हात जड वाटला तर लवकरची वेळ मिळायला हवी, त्यासाठी फोनवर बरंच मागे लागावं लागतं.

खर्चाचं. इथे जीपीकडून म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून क्रॉनिक कंडिशनचा (जुनाट आजाराचा) प्लॅन बनवून घेतला तर मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, वर्षाला पाच अलाइड हेल्थ व्हिजिट्सचे थोडे पैसे परत देतं, फिजिओ त्यात बसतात, पण तेच पाच पोडिअ‍ॅट्री, डाएटिशियन सगळ्यांत मिळून असतात हे लक्षात ठेवून वापरा. बाकी प्रायव्हेट इन्शुरन्सच्या एक्स्ट्रामधून. स्लीव्हचा खर्च वेगळा, आणि ती ताण गेल्यावर बदलावी लागते, तो खर्च बऱ्याच जणी धरतच नाहीत.

मशीनच्या मर्यादा पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. हे पाणी मोजतं, चरबी आणि घट्ट झालेले तंतू मोजत नाही. ज्यांची सूज जुनी आहे, हात टणक झालाय, त्यांचा आकडा प्रत्यक्ष हाताच्या मानाने कमी दिसू शकतो, त्यांना टेपने किंवा पेरोमीटरने घनफळ काढलेलं जास्त उपयोगी. पेरोमीटर म्हणजे इन्फ्रारेड किरणांची चौकट, हातावरून सरकवली की सावलीवरून घेर काढते, जर्मन बनावटीची आहे, मोठ्या सेंटरमधेच दिसते. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल तर तुलनेला चांगला हात उरतच नाही, तेव्हा बेसलाइन आणखीनच महत्त्वाचा, आणि आकडा लावायची पद्धत पण वेगळी असते, ती फिजिओला विचारून घ्या. हत्तीरोगाची पायाची सूज हा तर वेगळाच विषय, आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात जे पेशंट आहेत त्यांच्यासाठी पाय रोज धुणं, कोरडा ठेवणं, बोटांच्या मधल्या चिरा सांभाळणं हे मशीनच्या कितीतरी आधी येतं.

आणि एक प्रश्न मला नात्यातल्या कितीतरी जणींनी विचारला, तो घरचा फॅट दाखवणारा वजनकाटा चालेल का. नाही चालणार. बहुतेक काट्यांत करंट एकाच फ्रिक्वेन्सीचा असतो, नुसता पायातून जाऊन पायातून येतो, हाताचं त्याला काही कळत नाही. त्यापेक्षा न ताणणारी टेप घ्या, फिजिओकडून एकदा खुणा कुठे करायच्या ते शिकून घ्या आणि महिन्यातून एकदा, एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घरातल्या एकाच माणसाने मोजायचं. अक्काची सून मोजते, आणि एकदा मनगटाच्या वरच्या दोन खुणांना फरक दिसला तेव्हा तिनेच फोन करून फिजिओबाईंची वेळ घेतली. बाईंनी परत मोजून स्लीव्ह दिली, आणि हात उतरला.

मोजण्याचा अजून एक फायदा झाला जो मी धरलाच नव्हता. भीती गेली. आपल्याकडे ऑपरेशन झालं की सांगतात त्या हाताने काही उचलू नको, पिशवी धरू नको, कणीक मळू नको, जन्मभर. २००९ आणि २०१० मधे कॅथरिन श्मिट्झ यांच्या टीमने हळूहळू, देखरेखीखाली वजनं उचलणाऱ्या बायकांचा अभ्यास छापला, त्यात वजनं उचलल्याने सूज वाढली नाही असं दिसलं. मला हे वाचून पटलं होतं पण हात उचलवत नव्हता. मग फिजिओने अर्धा किलोपासून सुरुवात करून दिली आणि वाढवत नेताना प्रत्येक मापाला आकडा बघितला, तो जागचा हलला नाही. आता किराण्याच्या पिशव्या मीच आणते, पोळ्या लाटते, कणीक मळते.

रेटिंग : मशीनला पाच पैकी साडेचार, बेसलाइन असेल तरच, नसेल तर तीन. मॉइश्चर प्रोबला चार. अक्काच्या फिजिओबाईंच्या टेपला पाच पैकी पाच. आमच्या क्लिनिकला चार, लवकरच्या अपॉइंटमेंटचं जमवलं तर साडेचार करेन. अक्काच्या वहीत मापं लिहायचा तक्ता कसा आखलाय ते कुणाला हवं असेल तर खाली विचारा, फोटो टाकते.